हिरव्या बोर्डावरचा डाग: आधी ओळखा, मग पुसा

सोल्डरिंग शिकायला येणाऱ्या पोरांचा पहिला आठवडा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडतो. जोड नीट बसलेला असतो, सर्किट चालतही असतं, पण पिनेभोवतीचा हिरवा रंग कुठे पांढुरका, कुठे तपकिरी, कुठे काळपट झालेला असतो. ‘‘हाई काय व्हयनं, भाऊ?’’ म्हणत एका हाताने बोर्ड पुढे येतो आणि दुसऱ्या हातात थिनरचा बोळा तयारच असतो. तो बोळा खाली ठेवायला लावणं हे माझं पहिलं काम.

रंग बदलला म्हणजे मास्क, म्हणजे बोर्डावरचा हिरवा लेप, जळला असं समजून लोक घासायला लागतात. आणि खरं नुकसान बरेचदा त्या घासण्यानेच होतं. म्हणून या लेखात पुसायचं कसं हे नंतर येईल. डाग नेमका कुठे आहे हे ओळखायचं कसं, ते आधी.

डाग कोणत्या मजल्यावर आहे?

बोर्डाकडे तीन मजली घरासारखं बघा. सगळ्यात वर सोल्डर मास्क, म्हणजे इपॉक्सीच्या जातीच्या शाईचा पातळ थर. त्याची जाडी साधारण २० ते ३० मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षा कमी. कारखान्यात ही शाई लावतात, प्रकाश टाकून तिच्यात पॅडपुरत्या, म्हणजे सोल्डर लावायच्या तांब्याच्या ठिपक्यांपुरत्या, खिडक्या पाडतात आणि मग साधारण १५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तासभर ठेवून पक्की करतात. तिच्याखाली तांब्याचे ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या पट्ट्या. त्याखाली काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी मिळून बनलेली पाटी, जिला एफआर-४ म्हणतात. स्वस्त रेडिओ, चार्जर, जुने स्टॅबिलायझर यांत कागद आणि फिनॉलिक राळेची तपकिरी पाटी असते. ती उष्णतेला फारच कच्ची.

हिरवा मास्क अर्धवट पारदर्शक असतो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. खाली तांबं असेल तिथे तो उजळ दिसतो, नुसती पाटी असेल तिथे गडद. म्हणजे आपल्याला दिसणारा रंग तिन्ही मजल्यांचा मिळून असतो. डाग मास्कच्या वर असेल तर तो पुसला जातो. मास्कमध्येच असेल तर पुसला जात नाही, आणि बहुतेक वेळा पुसायची गरजही नसते. मास्कच्या खाली, तांब्यावर किंवा पाटीत असेल, तर बोळ्याचा तिथे उपयोगच नाही.

पहिली पायरी: भिंग आणि तिरपा उजेड

बोर्ड पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना मास्क मऊ पडलेला असतो. तेव्हा नख, चिमटा, ब्रश काहीही लागलं तरी ओरखडा उठतो, आणि मूळ डाग कुठला नि आपण पाडलेला कुठला हे पुढे कळत नाही. हात लावायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. गिऱ्हाइकाचा बोर्ड असेल तर नक्कीच. ‘‘हा डाग आधी नव्हता’’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय.

भिंग दहा पटीचं पुरे. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं असलं तरी चालतं. उजेड वरून पाडू नका, बोर्ड जवळजवळ डोळ्याच्या रेषेत धरून बाजूने पाडा. वरच्या उजेडात सगळंच चकाकतं. तिरप्या उजेडात फोड असेल तर त्याची सावली पडते, सुरकुती दिसते, आणि फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या पदार्थाचा, थर असेल तर त्याची कड स्पष्ट दिसते. बशीत चहा वाळल्यावर कडेला जशी रेघ राहते, अगदी तशी. अशी कड दिसली की निम्मं निदान झालं. तो डाग वरच्या मजल्यावरचा आहे.

दुसरी पायरी: एक थेंब

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे बाजारातलं आयपीए, ९९ टक्क्यांचं घ्या. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या अजून संपलेल्या नाहीत आणि पोरं त्याच वापरायला आणतात. त्यात भरपूर पाणी असतं, वर बऱ्याचदा ग्लिसरीन. पुसायला जाल आणि नवा चिकट थर चढवून बसाल.

डागावर फक्त एक थेंब टाका. घासू नका, नुसतं बघा. ओला असताना पांढरेपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर तो पृष्ठभागावरचा आहे. ओला असतानाही जसाच्या तसा दिसत राहिला तर बहुधा आतला. मग कापसाची काडी डागावर हलकेच फिरवा आणि तिचं टोक बघा. पिवळसर, चिकट झालं तर ती राळ, म्हणजे रोझिन फ्लक्स. टोक हिरवं झालं तर मात्र थांबा. नीट भाजलेला मास्क आयपीएला रंग सोडत नाही. सोडतोय म्हणजे तो कारखान्यातच कच्चा राहिलाय. असा बोर्ड जितका पुसाल तितका उघडा पडेल.

इतकं करायला मिनिटभर लागतं. या दोन पायऱ्या टाळून थेट थिनर किंवा एसीटोनकडे धावणाऱ्याचे बोर्ड मी लगेच ओळखतो. सगळीकडची चमक गेलेली, छापलेली अक्षरं अर्धी पुसलेली, कनेक्टरचं प्लास्टिक पांढुरकं पडलेलं.

पांढरा डाग

सगळ्यात जास्त घाबरवतो तो हा. याची चार-पाच कारणं असू शकतात. पैकी आपल्या खान्देशात जे हमखास भेटतं ते मी फजिती होऊन शिकलोय, तेच आधी सांगतो.

रावेरकडच्या एका केळीवाल्याने मोटरच्या पॅनेलमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एखादा फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, दुरुस्तीला दिला होता. रिले बदलला. त्या दिवशी पाण्याने धुवायचा फ्लक्स वापरला होता, म्हणून दुकानामागच्या नळाखाली ब्रशने बोर्ड स्वच्छ धुतला आणि उन्हात वाळत टाकला. अर्ध्या तासाने बघतो तर रिलेच्या पिनांभोवती पांढरी खरबरीत साय. आयपीए लावलं, ओलं असताना थोडं कमी दिसलं, वाळल्यावर पुन्हा तेच. मला वाटलं गंज चढला. थिनर लावलं, काही नाही. मग ब्लेडने खरवडायला बसलो आणि पांढऱ्याबरोबर मास्कही सोलला. खालून दोन मिलिमीटर लांबीचं तांबं लाल चमकायला लागलं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली की नळाला बोरचं पाणी आहे. घरातल्या तव्यावर, माठावर, गिझरच्या कॉइलवर जो क्षार चढतो तोच इथे चढला होता. उरलेल्या सायीवर व्हिनेगरचा थेंब टाकला, बारीक फेस आला आणि साय विरघळली.

तेव्हापासून धुवायचं झालंच तर शेवटचं पाणी डिस्टिल्ड. बॅटरीत टाकायचं म्हणून कुठल्याही बॅटरीवाल्याकडे पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं तेच. नळाच्या पाण्याने धुतलं तरी हरकत नाही, पण ते बोर्डावर वाळू द्यायचं नाही. लगेच डिस्टिल्डने खळखळून घ्यायचं. व्हिनेगरची चाचणी एका थेंबापुरतीच ठेवा आणि तोही लगेच डिस्टिल्डने धुवून काढा, आम्ल आहे ते.

दुसरं पांढरं आयपीएनेच होतं. आयपीएत राळ विरघळते, पण विरघळली म्हणजे निघून गेली असं नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. अशा वेळी ब्रशने आयपीए लावलं तर कापूस फिरवेपर्यंत ते उडून जातं आणि विरघळलेली राळ पातळ पांढऱ्या पडद्यासारखी सगळ्या बोर्डभर पसरून बसते. आधी डाग एका पिनेपाशी होता, आता सगळीकडे झाला. यावर उपाय म्हणजे जास्त आयपीए, लहान भाग आणि ओलं असतानाच टिपून घेणं. बोर्ड तिरपा धरा, वरून ओता, ब्रश वरून खाली न्या, खाली लिंट न सोडणारा कपडा किंवा टिश्यू धरा. मी उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरकतो. आयपीए पेट्रोलसारखंच चटकन पेट घेतं, म्हणून स्टँडवर तापलेली आयर्न असताना बाटलीचं बूच उघडायचं नाही. हे सांगून झाल्यावरही दरवर्षी एक तरी पोरगा ते करतोच.

पावसाळ्यात गंमत उलटी. आयपीए उडताना बोर्ड गार पडतो, हवेतला दमटपणा त्याच्यावर बसतो आणि राळेचा उरलेला थर दुधाळ होतो. अशा डागावर ब्लोअरची कोमट हवा फिरवली की तो पारदर्शक होऊन जवळजवळ गायब होतो. दिसेनासा झाला म्हणजे राळ गेली असं नाही, पण पांढरं काय होतं हे पक्कं कळलं. पुन्हा नीट पुसून घ्या.

राहिलं आतलं पांढरं. भिंगाखाली बारीक फुल्या-फुल्या किंवा ठिपके, एका ओळीत, कापडाच्या विणीसारखे. नख फिरवलं तर काहीच लागत नाही. आयपीए टाकलं तरी तसेच. हे मास्कवर नाही आणि मास्कमध्येही नाही. पाटीतल्या काचेच्या धाग्यांच्या गाठीपाशी इपॉक्सी सुटलंय. इंग्रजीत याला मीझलिंग म्हणतात, म्हणजे गोवर. नाव अगदी चपखल आहे. कारण जास्तीची उष्णता किंवा पाटीत मुरलेली ओल. हे बरं होत नाही. कमी व्होल्टेजच्या बोर्डावर चार-दोन ठिपके असतील तर बोर्ड खुशाल चालू द्या. पण ठिपक्यांची रांग मेन्सच्या एका ट्रॅकपासून दुसऱ्या ट्रॅकपर्यंत पोहोचली असेल, तर मी तो बोर्ड परत देताना चालू आहे असं म्हणत नाही.

तपकिरी डाग

इथेही तिन्ही मजले तपासा. राळ जास्त तापली की आधी मधासारखी, मग गुळाच्या काकवीसारखी आणि शेवटी काळी होते. ती आयपीएने सहसा एका फेरीत निघत नाही. जुन्या टूथब्रशने दोन-तीनदा करा. तरी राहिलीच तर तिच्यावर ताजा फ्लक्स थोडासा लावा, आयर्नने शेजारचा पॅड हलका गरम करा, आणि दोन्ही मऊ झाले की गार करून पुसा. नवी राळ जुन्या राळेला सोडवून आणते. घासण्यापेक्षा हा उपाय शंभर पटीने चांगला, आणि मास्कला धक्का लागत नाही.

पुसून झाल्यावर हिरवा रंग शेवाळी किंवा तपकिरी झाक मारत असेल, पण चमक तशीच असेल, नख अडकत नसेल, तर तो मास्कच भाजलाय. त्यातली राळ आणि रंग उष्णतेने बदललेत, ते मागे फिरत नाहीत. घट्टपणा तपासायला साधी चिकटपट्टी घ्या, डागावर अंगठ्याने दाबा, झटक्यात उपटा. पट्टीला हिरवं काही लागलं नाही तर मास्क आपलं काम करतोय: तांबं झाकतोय, सोल्डर पसरू देत नाही. त्याला तसाच राहू द्या. माझं मत विचाराल तर या डागावर घालवलेला वेळ हा सगळ्यात वाया गेलेला वेळ.

तिसरी जात म्हणजे डागाचा आकार हुबेहूब ट्रॅकसारखा असणं. ट्रॅकच्या कडेपर्यंत गडद आणि बाहेर पुन्हा हिरवं. तिथे मास्कखालचं तांबं काळवंडलंय. दिसायला वाईट, वीज वाहायला काही अडचण नाही. फक्त ट्रॅकवरचा मास्क तांब्यापासून सुटलाय का, एवढं तिरप्या उजेडात बघून घ्या.

जुन्या बोर्डांवर एक निराळीच गोष्ट दिसते, ती माहीत असलेली बरी. पूर्वी काही बोर्डांवर ट्रॅकना आधी कथील-शिशाचा मुलामा देऊन मग मास्क चढवत. असा बोर्ड तापवला की मास्कखालचा मुलामाच वितळतो आणि वरचा मास्क सायीसारखा सुरकुततो. तिथे तुमचा हात चुकलेला नसतो. त्या बोर्डाची घडणच तशी असते.

आयर्नचा दोष कधी विजेचाही असतो

हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी होते. पऱ्हाट्यांचा जाळ मोठा केला की वांग्याचं साल कोळसा होतं आणि आत देठापाशी गर कच्चाच राहतो. टोकदार बारीक बिट लावून आयर्न ४२० अंशांवर नेणारा नेमकं हेच करतो. बारीक टोकातून उष्णता पॅडमध्ये शिरतच नाही, म्हणून तो जास्त वेळ दाबून धरतो, आणि तेवढ्यात बाजूचा मास्क भाजून निघतो.

६३/३७ चं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं, सोल्डर १८३ अंशांवर वितळतं. बिनशिशाचं सॅक-३०५ साधारण २१७ ते २२० वर. पहिल्यासाठी बिट ३२० ते ३५० आणि दुसऱ्यासाठी ३५० ते ३८० इतकी पुरे. छिन्नीसारखी चपटी बिट घ्या, तिच्या टोकाला सोल्डरचा ओला थेंब ठेवा, पॅड आणि पिन दोन्हीला एकदम टेकवा. दोन-तीन सेकंदांत जोड झाला पाहिजे. पाच सेकंदांत झाला नाही तर दाबून धरू नका, काढून घ्या. बिट काळी पडलीय, फ्लक्स कमी आहे, किंवा तो पॅड ग्राउंडच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला आहे आणि सगळी उष्णता तिकडे पळतेय. शेवटचं कारण असेल तर बोर्ड खालून शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत तापवून घ्या. वरून ताप वाढवून तिथे जमत नाही.

आता आमच्याकडची गोष्ट. सुरुवातीला कुणी टेम्परेचर कंट्रोलवाली स्टेशन घेत नाही, साधी २५ वॅटची आयर्न घेतो. तिला तापमान कळत नाही, जेवढं व्होल्टेज येईल तेवढी ती तापते. माझ्या लक्षात आलं की दिवसा चांगली सोल्डरिंग करणारा एक पोरगा रात्री हमखास डाग पाडतो. एका रात्री दहानंतर सॉकेटला मल्टिमीटर लावला तर २५५ व्होल्ट. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; २३० वर २५ वॅट देणारी आयर्न २५५ वर जवळपास ३१ वॅट देते, म्हणजे २३ टक्के जास्त. आणि सगळ्यांच्या मोटरी चालू असताना व्होल्टेज १९० वर आलं की तीच आयर्न १७ वॅटवर येते. मग पोरगा म्हणतो बिट खराब झाली, आणि दाबून धरतो. दोन्हीकडून मास्कच भाजतो.

जमलं तर स्टेशन घ्या. नाही जमलं तर बल्बचा डिमर आयर्नच्या वायरीत, बंद डब्यात, नीट टेप-स्क्रू करून बसवा. आणि मेन्सची जोडणी स्वतः येत नसेल तर ती इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

ब्लोअर वापरताना शेजारच्या भागावर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावा, नोझल दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा आणि सतत गोल फिरवत राहा. एका जागी थांबलेला ब्लोअर म्हणजे इस्त्री शर्टावर विसरणं.

फोड आले तर कूलरकडे बघा

मास्क किंवा पाटी फुगून टिकलीएवढा उंचवटा आला, तर तो बहुतेक वाफेचा प्रताप असतो. एफआर-४ हवेतली ओल शोषतं. अचानक दोन-अडीचशे अंश मिळाले की त्या ओलीची वाफ होते आणि ती वाट शोधते. खान्देशात हवा कोरडी, मग ओल कुठून, असं कुणालाही वाटेल. उत्तर खिडकीत बसलंय. उन्हाळाभर कूलर चालू असतो आणि त्याच्या तोंडासमोरच्या फळीवर उघडे बोर्ड ठेवलेले असतात. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ती हवा आपल्याला गार लागते, बोर्डाला दमट.

नवे बोर्ड झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. ओल मुरल्याची शंका असेल तर कोरा बोर्ड १०५ ते १२० अंशांवर तीन-चार तास भाजून मग सोल्डर करा. त्यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका. भाग लावलेला बोर्ड मात्र एवढा भाजायचा नाही. कपॅसिटर आणि प्लास्टिकचे कनेक्टर ते सोसत नाहीत, तो साठ-सत्तर अंशांवर रात्रभर ठेवलेला बरा. फोड आल्यावर तो दाबून बसवता येत नाही. खाली ट्रॅक नसेल तर सोडून द्या.

एलईडीचे पांढरे बोर्ड

बल्ब दुरुस्ती हा आता गल्लोगल्लीचा धंदा आहे, म्हणून चार ओळी. पांढऱ्या मास्कमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, तो उजेड परतवण्यासाठी. हा मास्क उष्णतेने चटकन पिवळा पडतो आणि लपवायला काही उरत नाही. पिवळेपणा पुसून जात नाही. हॉट प्लेट हवी तेवढीच तापवा. कथील-बिस्मथची पेस्ट १३८ अंशांवर वितळते, एलईडी बदलायला ती वापरली तर मास्क पांढरा राहतो. फक्त जिथे दिवा स्वतःच फार तापतो तिथे हा जोड टिकायचा नाही. आणि बोर्ड आधीच एलईडीभोवती पिवळा असेल, तर ते सोल्डरिंगचं नाही, वर्षभर जळलेल्या दिव्याचं आहे. तसंच पॉवर रेझिस्टरखालच्या तपकिरी चौकोनाचं. नवा रेझिस्टर बसवताना तो पाटीपासून पाच-सहा मिलिमीटर वर उचलून बसवा.

हिरवट आणि काळं: इथे गंभीर व्हा

तांब्याच्या उघड्या पॅडवर राळेत मिसळलेली पारदर्शक हिरवी झाक दिसली तर घाबरू नका. राळेतलं आम्ल आणि तांब्याचं ऑक्साइड मिळून तसं होतं, आयपीएने ते जातं. पण कोरडी, भुकटीसारखी हिरवी-निळी पूड दिसली तर पहिला प्रश्न फ्लक्स कुठला होता. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते मिळतात, तिथे ट्रकच्या रेडिएटरचं काम जोरात चालतं. रेडिएटरवाले तेजाब वापरतात, म्हणजे झिंक क्लोराइड. ‘एकदम मस्त चिकटतं’ म्हणून ते कुणीतरी बोर्डालाही लावतं. चिकटतं खरं, पण मागे राहिलेलं क्लोराइड पावसाळ्यात ओल धरून ट्रॅक खात बसतं. असा बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने वारंवार धुवा, मग आयपीए, मग वाळवा. तरीही दोन महिन्यांनी पुन्हा उघडून बघा.

काळा डाग पुसून, ताजा फ्लक्स लावून, पुन्हा पुसूनही राहिला आणि टोकरल्यावर कोळशासारखी पूड निघाली, तर पाटीच जळलीय. आमच्या भाषेत बोर्डाने कार्बन धरला. कार्बन वीज वाहतो. मोटरच्या बोर्डावर ४१५ व्होल्टचे दोन ट्रॅक शेजारी असतात. मध्ये कार्बनची रेघ राहिली तर मीटरवर साध्या तपासणीत काही दिसणार नाही, पण शेतात पॅनेल पेटेल. इथे मात्र खरवडायचं. पांढरी-पिवळी स्वच्छ पाटी लागेपर्यंत काळं कोरून काढा, अगदी आरपार भोक पडलं तरी चालेल. मग त्या दोन ट्रॅकना जोडलेले भाग काढून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन बघा, आणि खड्डा दोन भागांच्या इपॉक्सीने भरा. मेगर नसेल तर असा बोर्ड परत देऊ नका.

उघडं पडलेलं तांबं झाकायचं कसं

मास्क सोलला असेल तर बाजारात सिरिंजमध्ये अतिनील प्रकाशाने वाळणारी मास्कची शाई मिळते. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या सामानात विचारा. जागा आयपीएने पुसा, बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून तांबं उजळ करा, पुन्हा पुसा. शाई सुईच्या टोकाने, अगदी पातळ लावा. थर जाड झाला की वरून कडक होतो आणि आत ओलाच राहतो, मग आठवड्याने नखाने निघतो. दोनदा पातळ लावलेलं बरं.

छोटा अतिनील दिवा असेल तर उत्तम, नसेल तर आपल्याकडचं ऊन आहेच. एप्रिल-मेमध्ये ते काम लवकर होतं, हिवाळ्यात बराच वेळ द्यावा लागतो. नखाचा ठसा उमटत नाही तोवर काढू नका. वर पारदर्शक पातळ डबा झाकून ठेवा. तो प्रिव्हेंटर मी जानेवारीत तसाच गच्चीवर उघडा ठेवला होता. शेजारी जिनिंग आहे. खाली आणला तेव्हा त्या दोन मिलिमीटरच्या हिरव्या ठिपक्यात कापसाचा तंतू पक्का चिकटून बसला होता, तो आजही त्या बोर्डावर आहे आणि मोटर चालू आहे.